अतिनील प्रकाशात इन्सुलेटर फिल्ममधून करंट कसा मोजायचा आणि तो खरा कुठला हे कसं ओळखायचं

पॉलिथिन, पॉलिएस्टर, टेफ्लॉन यांसारख्या विद्युतरोधक फिल्मवर अतिनील प्रकाश टाकला की मीटरवरचं रीडिंग वाढतं. एवढ्यावरून "फिल्म वाहक झाली" असा निष्कर्ष काढणारे रिपोर्ट बरेच दिसतात. वाढलेल्या करंटमध्ये फिल्मचा स्वतःचा वाटा कित्येकदा सगळ्यात लहान असतो. बाकीचा करंट इलेक्ट्रोडच्या धातूतून सुटलेल्या इलेक्ट्रॉनचा, ट्यूबच्या उष्णतेचा, नाहीतर पृष्ठभागावरच्या ओलाव्याचा असतो. हे वाटे वेगळे कसे करायचे, हाच इथला मुख्य मुद्दा आहे. जुळणी साधीच आहे. नाशिकमधल्या एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा सातपूर-अंबडच्या कारखान्यातल्या टेस्टिंग टेबलावर ती सहज उभी राहते.

आधी थोडा हिशोब. प्रकाशकणाची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये हवी असेल तर १२४० ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागा. २५४ नॅनोमीटरच्या जंतुनाशक ट्यूबचा कण ४.८८ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा येतो, ३६५ चा ३.४०. शुद्ध पॉलिथिनमध्ये इलेक्ट्रॉन मोकळा करायला आठ-नऊ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. म्हणजे २५४ चा कण पॉलिथिनची साखळी थेट आयनित करूच शकत नाही. तो काम करतो ते अशुद्धींवर, ऑक्सिडेशनने आलेल्या कार्बोनिल गटांवर, मिसळलेल्या अ‍ॅडिटिव्हवर आणि फिल्ममधल्या सापळ्यांत आधीच अडकून बसलेल्या भारांवर. उलट अ‍ॅल्युमिनियममधून इलेक्ट्रॉन सुटायला ४.१ ते ४.३ पुरतात, तांब्याला सुमारे ४.६५. म्हणून २५४ च्या उजेडात पहिला करंट देतो तो बहुधा इलेक्ट्रोडच.

किती करंट येईल

५० मायक्रॉनची पॉलिएस्टर फिल्म, ५० मिलिमीटर व्यासाचा इलेक्ट्रोड आणि ३०० व्होल्ट धरा. रोधकता १० चा १५ वा घात ओहम-मीटर धरली तर रोध साधारण २५ टेराओहम होतो आणि अंधारातला करंट सुमारे १२ पिकोअँपिअर. नेहमीच्या मेगरचं, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजायच्या मीटरचं, हे काम नाही. त्याची मजल काही गिगाओहमपर्यंत, चांगला असेल तर काहीशे गिगाओहमपर्यंत. शिवाय त्याच्या व्होल्टेजमधली लहर इथे अजिबात चालत नाही. कारण हीच फिल्म १.१ नॅनोफॅरडचा कपॅसिटर आहे. सोर्सचा व्होल्टेज सेकंदाला १ मिलिव्होल्ट सरकला तरी १.१ पिकोअँपिअरचा खोटा करंट दिसतो. मेन्सवर चालणारा स्वस्त हाय-व्होल्टेज सप्लाय म्हणूनच बाजूला ठेवा.

सोर्ससाठी ९ व्होल्टच्या ३३ बॅटऱ्या एकमेकींच्या बटणांत अडकवून सिरीजमध्ये जोडा. जवळजवळ ३०० व्होल्ट मिळतात आणि इतका शांत सोर्स दुसरा नाही. पण ही माळ जिवावर बेतू शकते, शॉर्ट झाली तर काही अँपिअर देते. माळ पूर्ण करण्याआधीच शेवटच्या टोकाला ४७० किलोओहमचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये जोडा आणि त्यावर स्लीव्ह चढवा. दोन घ्यायचे ते मुद्दाम, कारण पाव वॉटच्या एकट्या रेझिस्टरची व्होल्टेजची मर्यादा बहुधा २५० असते. यामुळे शॉर्टमध्येही करंट ०.३ मिलिअँपिअरच्या वर जात नाही. फिल्मच्या २५ टेराओहमपुढे हा एक मेगओहम नगण्यच.

मीटर

तयार इलेक्ट्रोमीटर, म्हणजे अतिशय सूक्ष्म करंट मोजणारा मीटर, असेल तर उत्तम. नसेल तर एलएमसी ६६२ हा ऑप-अँप (अ‍ॅम्प्लिफायरची चिप) घ्या. त्याच्या इनपुटचा स्वतःचा करंट फेम्टोअँपिअरमध्ये असतो आणि किंमत परवडणारी. टीएल ०७१ वगैरे नेहमीचे चिप इथे कामाचे नाहीत. फीडबॅकमध्ये १० गिगाओहमचा रेझिस्टर आणि त्याला समांतर १०० पिकोफॅरडचा पॉलिप्रॉपिलिन किंवा पॉलिस्टायरीन कपॅसिटर लावा. दर पिकोअँपिअरला १० मिलिव्होल्ट मिळतात, साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. कपॅसिटर १० पिकोफॅरडचा लावला तर प्रतिसाद जलद येतो, पण नमुन्याच्या १.१ नॅनोफॅरडमुळे ऑप-अँपचा स्वतःचा नॉइज शंभर पटींच्या वर वाढतो. १०० पिकोफॅरडला टाइम कॉन्स्टंट एक सेकंद होतो. या कामाला तेवढं चालतं.

सप्लायला दोन्ही बाजूंनी चार-चार पेन्सिल सेल, म्हणजे अधिक-उणे ६ व्होल्ट. चिपची कमाल मर्यादा एकूण १५.५ व्होल्ट आहे. ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या थेट लावल्या तर ती ओलांडली जाते. चिपमधला दुसरा, न वापरलेला ऑप-अँप फॉलोअर करा, म्हणजे त्याचं आउटपुट त्याच्याच इनव्हर्टिंग पिनला जोडा, आणि दुसरी इनपुट पिन अर्थला बांधा.

खरी काळजी एकाच जोडणीची. ऑप-अँपची इनव्हर्टिंग पिन सर्किट बोर्डला लावूच नका. ती सरळ वर वाकवा आणि रेझिस्टर, कपॅसिटर, नमुन्याकडून आलेली तार हे सगळं हवेतच तिला सोल्डर करा. आधार द्यावाच लागला तर टेफ्लॉनचा तुकडा द्या. सोल्डरिंगनंतर फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा धुवा. १० गिगाओहमच्या रेझिस्टरच्या काचेला बोट लावू नका, चिमट्याने धरा. घामाचा एक ठसा त्याला समांतर काही गिगाओहमचा रस्ता करून देतो आणि मग सगळी रीडिंग कमी येतात.

तपासणी सोपी आहे. इनपुट मोकळा ठेवून येणारे काही मिलिव्होल्ट म्हणजे ऑप-अँपचा ऑफसेट. तो लिहून ठेवा आणि नंतर वजा करा. मग १.५ व्होल्टचा सेल दुसऱ्या एका १० गिगाओहममधून इनपुटला जोडा. १५० पिकोअँपिअरचा करंट वाहतो आणि आउटपुट उणे १.५ व्होल्ट यायला हवं. फार कमी आलं तर कुठेतरी गळती आहे.

नमुना आणि इलेक्ट्रोड

तांब्याच्या कॉपर-क्लॅड बोर्डवर ५० मिलिमीटरचा गोल, भोवती २ मिलिमीटर रिकामी फट आणि तिच्या बाहेर १० मिलिमीटर रुंदीची गार्ड रिंग कोरून घ्या. गोल मीटरच्या इनपुटला, गार्ड अर्थला. कडेने पृष्ठभागावरून सरपटत येणारा करंट गार्डवर उतरतो, मोजणीत येत नाही. फिल्म किमान ९० मिलिमीटर चौरस कापा. तिच्या खालच्या बाजूला ग्राफाइटच्या कंडक्टिव्ह पेंटने तेवढाच गोल आणि तेवढीच रिंग रंगवा, म्हणजे मध्ये हवेचा थर राहत नाही. पेंट पूर्ण सुकू द्या, निदान एक रात्र. ओल्या पेंटचं सॉल्व्हंट फिल्ममध्ये राहिलं तर अंधारातला करंट तासन्‌तास उतरत राहतो.

वरचा इलेक्ट्रोड ३०० व्होल्टचा आणि प्रकाश आत सोडणारा. सगळ्यात चांगला पर्याय सोन्याचा १० ते १५ नॅनोमीटरचा थर. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप असलेल्या लॅबमध्ये नमुन्यावर सोनं चढवायचं यंत्र असतंच, तिथे मिनिटभराचं काम असतं. ते जमलं नाही तर ६० मिलिमीटर व्यासाची स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी रिंगने दाबून बसवा. जाळीचा दोष माहीत असू द्या. तिच्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन छिद्रांमधल्या उघड्या फिल्मवर जाऊन बसतात. तो पृष्ठभाग भारित होईपर्यंत मीटरवर एक उडी येते आणि हळूहळू ओसरते. ही उडी फोटोकरंट, म्हणजे प्रकाशामुळे फिल्ममधून आलेला करंट, म्हणून लिहू नका.

हे सगळं पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात बसवा, डबा अर्थ करा. झाकणाला ४० मिलिमीटरचं भोक पाडून त्यावर अर्थ केलेली बारीक जाळी लावा. भोक ५० मिलिमीटरपेक्षा लहान ठेवायचं ते मुद्दाम, म्हणजे प्रकाश फटीवर आणि गार्डवर पडत नाही. डब्याच्या जाळीतून सुटलेले इलेक्ट्रॉन हवेतून वरच्या इलेक्ट्रोडकडे गेले तरी तो करंट बॅटरी आणि अर्थ यांच्यातच फिरतो, खालच्या गोलावर येत नाही. मीटर वरच्या बाजूला न लावता खाली लावायचा, तो यासाठी.

ओलावा हा नाशिकमध्ये ऋतूचा प्रश्न आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली कोरडी हवा या कामाला सर्वांत चांगली. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल घालून रात्रभर बंद ठेवल्याशिवाय सुरुवातच करू नका, निळं जेल गुलाबी झालं की बदला. नायलॉनसारखं पाणी पिणारं प्लास्टिक तर पावसाळ्यात मोजूच नये.

ट्यूब आणि डोळे

८ वॉटची जंतुनाशक ट्यूब २५४ साठी, ३६५ साठी तशीच ब्लॅकलाइट ट्यूब किंवा एलईडी. फार्मा किंवा केमिस्ट्री लॅबमध्ये क्रोमॅटोग्राफीच्या प्लेटा बघायचा जो अतिनील दिव्यांचा कपाटवजा खोका असतो, त्यात या दोन्ही तरंगलांबी मिळतात. १८५ नॅनोमीटर सोडणारी, ओझोन करणारी ट्यूब टाळा. ओझोन फिल्मचा पृष्ठभाग बदलतो आणि श्वासालाही घातक आहे.

८ वॉटच्या ट्यूबमधून २५४ चे साधारण २ ते २.५ वॉट निघतात. १० सेंटिमीटरवर हिशोब करा, दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ मिलिवॉट पडतो. उघड्या डोळ्याला आणि त्वचेला या तरंगलांबीची आठ तासांच्या दिवसाची मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला ६ मिलिज्यूल आहे. म्हणजे त्या अंतरावर जेमतेम सहा सेकंद! जळजळ त्या वेळी जाणवत नाही, काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. पॉलिकार्बोनेटचा चेहरा झाकणारा शील्ड, हातमोजे आणि पूर्ण बाह्या हव्यातच. ट्यूबभोवती पत्र्याची पेटी करा, बाहेर उजेड दिसता कामा नये.

ट्यूब चालू-बंद करून प्रयोग करू नका. पाऱ्याची ट्यूब स्थिर व्हायला पाच-दहा मिनिटं घेते आणि चोकचा झटका मीटरवर उमटतो. ती सतत चालू ठेवा आणि मध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचं शटर सरकवा.

मोजणी

व्होल्टेज लावण्याआधी मीटरचा इनपुट अर्थला शॉर्ट करा. फिल्म भारित होताना ०.३३ मायक्रोकूलोंब एकदम धावतो. तो मीटरवर गेला तर आउटपुट बराच वेळ टोकाला चिकटून बसतं. या शॉर्टसाठी साधा टॉगल स्विच लावू नका, त्याचीच गळती मोजली जाईल. इनपुटच्या जोडणीजवळ एक स्प्रिंगसारखी वाकवलेली तार अर्थला बांधा, ती टेकलेली राहू द्या, आणि झाकणातून बाहेर काढलेल्या नायलॉनच्या दोऱ्याने ओढून सोडवा. दोरा ढिला केला की तार पुन्हा टेकते.

मिनिटभराने शॉर्ट काढा आणि अंधारात वाट बघा. करंट वेळेच्या घातांकाने उतरत जातो. सुरुवातीला वेळ दहापट झाला की करंट साधारण पाच ते दहा पटींनी कमी होतो. प्रमाणित चाचणीत एका मिनिटाचं रीडिंग घेतात, इथे ते कामाचं नाही. किमान अर्धा तास, पॉलिएस्टरला दोन तास थांबा. रेघ जवळजवळ सपाट झाल्याशिवाय शटर उघडलं तर उतरत्या रेघेवर चढलेला फोटोकरंट वाचता येत नाही.

मग शटर दोन मिनिटं उघडा, दहा मिनिटं बंद, असे निदान तीन फेरे. दर पाच सेकंदाला रीडिंग. शटर बंद केल्यावर करंट पूर्ण खाली येत नाही, सापळ्यांत अडकलेले भार सावकाश सुटतात. दुसऱ्या फेऱ्याचं शून्य वेगळं असतं, ते प्रत्येक वेळी लिहा. एक नमुना संपला की दोन्ही इलेक्ट्रोड शॉर्ट करून रात्रभर ठेवा किंवा सरळ नवा तुकडा घ्या. आम्ही नवा तुकडाच सुचवू, कारण २५४ चा प्रकाश तासभर पडला की फिल्मचं रसायन कायमचं बदलायला लागतं.

करंट कुणाचा?

इथे घाई करू नका. एकही पडताळणी गाळली तर रीडिंगला अर्थ राहत नाही.

पहिली, काच. खिडकीच्या साध्या ३ मिलिमीटर काचेचा तुकडा भोकावर ठेवा. ती २५४ पूर्ण अडवते, ३६५ आणि दिसणारा उजेड बराचसा सोडते. काच ठेवूनही करंट वाढत असेल तर तो उष्णतेचा किंवा लांब तरंगलांबीचा.

दुसरी, वेग. मीटरचा टाइम कॉन्स्टंट एक सेकंद आहे, म्हणून खरा प्रकाशाचा परिणाम काही सेकंदांत दिसायला हवा. मिनिटभर सावकाश चढत जाणारा करंट बहुतेक वेळा उष्णतेचा. इन्सुलेटरमधून जाणाऱ्या करंटची अ‍ॅक्टिव्हेशन ऊर्जा (भार हलायला उष्णतेकडून लागणारी ऊर्जा) १ इलेक्ट्रॉन-व्होल्ट धरली तर खोलीच्या तापमानाला १० अंश वाढले की करंट साडेतीन पट होतो. फिल्मच्या कडेला बारीक थर्मोकपल चिकटवा. उष्णतेसाठी नाशिकमध्ये एक छान नमुना फुकटात मिळतो, तो म्हणजे शेततळ्याच्या ५०० मायक्रॉनच्या काळ्या कागदाचा उरलेला तुकडा. त्यातला कार्बन ब्लॅक अतिनील किरण वरच्या काही मायक्रॉनमध्येच गिळतो, फिल्म तापते, पण कार्बन दोन-अडीच टक्केच असल्याने ती इन्सुलेटरच राहते. तिच्यावर जे सावकाश चढताना दिसेल ते जवळजवळ सगळं उष्णतेचं.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, ध्रुवता, म्हणजे बॅटरीची टोकं उलटवून मोजणं. १८८८ मध्ये जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हालवाख्सने जस्ताच्या पत्र्यावर दाखवलं की अतिनील प्रकाशात ऋण भार निघून जातो, धन भार जात नाही. तोच न्याय इथे लावा. वरचा इलेक्ट्रोड ऋण असताना त्याच्या धातूतले इलेक्ट्रॉन फिल्मकडे ढकलले जातात, धन केला की ते धातूतच थोपवले जातात. पॉलिएस्टर ३०० नॅनोमीटरच्या खाली प्रकाश जोरदार शोषतं, त्यामुळे २५४ खालच्या इलेक्ट्रोडपर्यंत पोचत नाही. म्हणून पॉलिएस्टरवर वरची बाजू धन ठेवून जो करंट उरतो तो फिल्मचा स्वतःचा मानायला हरकत नाही. पॉलिथिनचं तसं नाही. ते २५४ बऱ्यापैकी आरपार सोडतं, तेव्हा खालचा ग्राफाइटही इलेक्ट्रॉन देऊ शकतो. तिथे दोन्ही ध्रुवता, दोन वेगळ्या जाडी आणि काच असे सगळे आकडे शेजारी मांडूनच बोला. सोन्यातून इलेक्ट्रॉन सुटायला कागदावर ५.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागत असले तरी हवेत राहिलेल्या सोन्याला बहुधा त्याहून कमी पुरतात. सोनं आहे म्हणून ही पडताळणी सोडू नका.

चौथी, शून्य व्होल्ट. बॅटरी काढून वरचा इलेक्ट्रोड अर्थ करा आणि शटर उघडा. तरीही करंट आला तर तो आधी अडकलेले भार प्रकाशाने सुटल्याचा. हा दोष नाही, उलट फिल्मने किती भार साठवला होता याची ती थेट खूण आहे.

पाचवी, कोरी चाचणी. फिल्मऐवजी १ मिलिमीटर जाडीचं टेफ्लॉन ठेवा. टेफ्लॉन २५४ फारसं शोषत नाही आणि जाडीमुळे त्यातून जाणारा करंट नगण्य. इथे जो करंट दिसेल तो जुळणीचा स्वतःचा.

कोणती फिल्म घ्यायची

मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात मिळणारा मिलिनेक्स पेपर म्हणजे पॉलिएस्टरच. पहिला नमुना म्हणून तोच घ्या. तिथलीच पिवळी कॅप्टन टेप पॉलिइमाइडची. ती निळा उजेडही शोषते, पिवळी दिसते ती त्यामुळेच, म्हणून काचेची पडताळणी तिच्यावर चालत नाही. टेपच्या मागचा गोंद वेगळा करंट देतो, शक्यतो गोंद नसलेली फिल्म मागा.

पॉलिहाउसची २०० मायक्रॉन फिल्म घेतली तर ३०० व्होल्टला करंट चौपट कमी येतो, पण नवी आणि उतरवलेली जुनी अशी तुलना फार बोलकी असते. जुन्या फिल्ममधले कार्बोनिल गट साधारण २८० ते ३४० नॅनोमीटरचा प्रकाश शोषतात आणि भारांना सापळे पुरवतात. नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात भुरीसाठी गंधक सर्रास मारलं जातं. फिल्म उन्हात टिकावी म्हणून तिच्यात मिसळलेल्या हॅल्स प्रकारच्या स्टॅबिलायझरला गंधक निकामी करतं, त्यामुळे बागेजवळची फिल्म लवकर उतरते. अशी फिल्म आधी साबणाच्या पाण्याने, मग डिस्टिल्ड पाण्याने धुऊन दोन दिवस सिलिका जेलजवळ वाळवा. नाहीतर गंधकाची आणि औषधाची पुटंच मोजली जातील.

सोलर केबल, पॉलिमर इन्सुलेटर किंवा पॅनेलच्या मागची शीट उन्हात किती टिकेल हे २५४ च्या ट्यूबवर ठरवू नका. जमिनीवर पोचणारं ऊन साधारण २९५ नॅनोमीटरच्या पुढचंच असतं. २५४ चा कण अशा बंधांवर घाव घालतो ज्यांना नाशिकच्या मे महिन्यातलं ऊनही हात लावत नाही. त्यासाठी ३४० नॅनोमीटरला शिखर असलेल्या वेदरिंग ट्यूबवर फिल्म जुनी करा, ठरावीक तासांनी तुकडे काढा आणि प्रत्येक तुकडा वरच्याच जुळणीवर आधी अंधारात, मग ३६५ वर मोजा. प्रत्येक तुकड्यावर तारीख, तरंगलांबी, अंतर आणि एकूण मात्रा लिहा. मात्रा म्हणजे दर चौरस सेंटिमीटरचे मिलिवॉट गुणिले सेकंद. लिहायचं ते कडेला, मोजायच्या गोलाबाहेर, कारण मार्कर पेनच्या शाईतूनही करंट जातो.